तेलकट शिंपल्यांचं कासव

मी कासव बोलतोय. पण मला पोहता येत नाही. माझा जन्म अमिरातीतल्या रास अल खैमा शहरात एका फ्लॅटच्या बाल्कनीत झाला.

२००१ च्या हिवाळ्यात कुठल्याशा जहाजाचं तेल खाडीत शिरलं. किनारा काळा पडला, तिवरांची झाडं वाळली. लोकांनी फिरायला जायची जागा तेवढी बदलली. अकरावीतली लायबा मात्र तिथंच जायची आणि मेलेल्या तिवरांची मुळं, तेलानं माखलेले शिंपले पिशवीत भरून घरी आणायची.

"ही घाण घरात कशाला गं?" तिची आई जुलेखा वैतागली.

"मम्मी, इट्स फ्रॉम अवर बीच."

जुलेखानं पिशवीत डोकावून पाहिलं. तिचं बालपण रत्नागिरीकडच्या खाडीकाठी गेलेलं. दुसऱ्या दिवशी ती खजुराच्या झावळ्या घेऊन बसली आणि माहेरी माडाच्या पानांची झापं विणायची तसे तिनं माझे पाय विणले. लायबानं मुळांचा सांगाडा बांधला, वर शिंपल्यांची पाठ केली. शिंपले धुवायचे नाहीत, हा तिचा हट्ट.

शाळेच्या प्रदर्शनात सुपरवायझर मॅडमनी मला पाहून नाक मुरडलं. "वास येतोय याला. स्टोअररूममध्ये ठेवा."

लायबाचे डोळे भरून आले. एरवी शाळेत तोंड न उघडणारी जुलेखा पुढे झाली. "मॅडम, ये बास तो खाडी की है. उसको किधर रखेंगे?"

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. पालिकेतले बडे अधिकारी. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तळवा काळा झाला, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्याच्या, त्या लांब अरबी झग्याच्या, बाहीला डाग पडला. मॅडम टिश्यू घेऊन धावल्या. पाहुण्यांनी तो घेतला नाही.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

लायबानं खाडीचं नाव सांगितलं. ते काळ्या हाताकडे बघत म्हणाले, "माझे वडील तिथं मासे धरायचे. उद्या सकाळी मला दाखव."

सकाळी ते आले ते फावडी, ट्रक आणि माणसं घेऊनच. अर्धी शाळा गमबूट घालून उतरली. मॅडमही चिखलात रुतल्या आणि हसल्या. पुढे खाडीच्या तोंडाशी तेल अडवणारा तरंगता पट्टा बसला. दोन वर्षांत तिवरांना कोवळी पानं फुटली. बगळे परतले, त्या दिवशी लायबा आईच्या गळ्यात पडून नाचली.

मी आता शाळेच्या दारात असतो. माझ्या झावळ्या सुटू लागल्यात, पण मला दुरुस्त करत बसू नका. त्यापेक्षा खाडीवर जा. ओहोटीला गेलात तर बूट काढा. चिखल मऊ आहे, आणि खेकडे फारसे चावत नाहीत.