चौथा आवाज

“मेलं हे यंत्र!” लॅपटॉपच्या स्पीकरमधून धाकटीचाच आवाज आला. चार ठोक्यांनी पुन्हा आला. मग पुन्हा.

भाची, थोरल्या ताईची लेक, हसून हसून कापडाच्या गठ्ठ्यावर आडवी झाली. “मावशी, पाय उचलून थांबत नाही गं ते. पुन्हा दाबायचं!”

तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेली बाई धाकटी. पाय दाबला की सुरू, उचलला की बंद, हेच अंगवळणी पडलेलं. लॅपटॉपला जोडलेल्या या पेडलचं तंत्रच निराळं. एकदा दाबलं की गाणं टिपायचं, पुन्हा दाबलं की टिपलेलं फिरवत राहायचं. त्यावर दुसरा आवाज चढवायचा, मग तिसरा. प्रत्येक आवाज बंद करायचा तोही पेडल दाबूनच. येत्या शनिवारी सभागृहात वार्षिक कार्यक्रम होता, त्यात चौघी बहिणींचं गाणं दरवर्षी असे. मधल्या दोघी लग्न होऊन परदेशी गेल्या. थोरल्या ताईचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. “यंदा राहू द्या की, बाई,” असं सभागृहाचा व्यवस्थापक फोनवर म्हणाला आणि धाकटीचं डोकंच फिरलं. यंदा राहिलं तर कायमचं राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वरचे तीन सूर बसले. अडलं ते खालच्या सुरापाशी. तो ताईचा. धाकटीचा आवाज तिथवर उतरेना. भाचीने सॉफ्टवेअरमधून तो खाली ओढून दाखवला, तर सर्दी झालेला पहारेकरी गातोय असं वाटलं. शेजारी बसलेली ताईसुद्धा आवाज न करता खांदे हलवून हसली.

“आईचा जुना आवाज आहे माझ्या फोनमध्ये,” भाची चाचरत म्हणाली. “तो घालू?”

ताईचं हसू मावळलं. तिने मापाचा खडू उचलला आणि चिंधीवर लिहिलं: ‘मी अजून आहे.’

 धाकटीने शिवणाच्या टेबलावरचा पसारा बाजूला सारला आणि माइक ताईसमोर ठेवला. “ताई, ताल धर. नेहमीसारखा.”

ताईने बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी, टेबलावर वाजवायला सुरुवात केली. कामाच्या नादात बहिणी गायच्या, तेव्हा ती असाच ठेका धरायची. टक, टक, टक. तिसरा ठोका जरासा उशिरा.

“तो सरळ करता येतो हं,” भाची म्हणाली. “एक बटण दाबलं की...”

“हात तर लावून बघ! जन्मभर आम्ही त्याच ठोक्यावर गायलो.”

शनिवारी स्टेजवर एक टेबल, दोन खुर्च्या. पडदा उघडला, आणि धाकटीचा पाय चुकला नाही. आधी ताईचं अंगुस्तान. त्यावर एक सूर, दुसरा, तिसरा. तिसऱ्या ठोक्याला प्रत्येक सूर किंचित थांबायचा, जसा घरी थांबायचा. 

शेवटी धाकटीने आपले तिन्ही आवाज एकेक करून बंद केले. स्पीकरमधून फक्त ठोके येत राहिले. ते बंद करायला तिचा पाय काही केल्या पेडलवर पडेना.

ताईने अंगुस्तान काढून मुठीत घेतलं. उठली, टेबलाला वळसा घालून आली, तिसऱ्या ठोक्याची वाट पाहिली आणि स्वतःच्या पायाने पेडल दाबलं. एकदाच.