नुसता दम द्या

सुबोध कुलथे केंद्र सरकारच्या दक्षता विभागात होता. कुणाच्या फायलीत कुठे पाणी मुरतंय हे हुडकायचा त्याला पगार मिळे, आणि घरी आल्यावरही ती नजर काही निवळत नसे. नागपूरहून चंदीगडला बदली होऊन जेमतेम चार महिने झाले होते, तेवढ्यात शाळेतून मेसेज आला. त्याची दहावीतली मुलगी हिमानी आठ दिवस गैरहजर होती.

दुसरा बाप असता तर मुलीला विचारून मोकळा झाला असता. या पठ्ठ्याने तिचं दप्तर उलथंपालथं केलं, फोन चाळला. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. इतकं स्वच्छ कुणी असतं का? नक्कीच कुणीतरी मुलगा असणार!

रजा टाकून तो तिच्या मागावर गेला. हिमानी शाळेच्या फाटकापासून मागे फिरली आणि रोझ गार्डनमध्ये एका बाकावर जाऊन बसली. दोन तास एकटीच. सुबोध झाडाआडून बघत राहिला. कुणी आलं नाही.

संध्याकाळी त्याने शेजारचे पोलीस इन्स्पेक्टर इंद्रजित यांना गाठलं. "भाईसाहब, ज़रा डरा दीजिए उसे. बस." पोलीसकाकांचं नाव काढलं की लहानपणी हिमानी मुकाट जेवायची. पंधराव्या वर्षीही तेच औषध चालेल असं त्या शहाण्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतली महिला पोलीस बागेत जाऊन हिमानीशी बोलली आणि तिला थेट बाल कल्याण समितीसमोर घेऊन गेली. फोन येताच सुबोध आणि त्याची बायको नयना धावत पोचले.

"मैंने तो सिर्फ़ डराने को कहा था!"

"सर जी, स्कूल न जाना कोई जुर्म नहीं. डराऊँ किस बात पे?" तिथे आधीच हजर असलेले इंद्रजित म्हणाले. "बच्ची कहती है घर नहीं जाना. अब कमेटी देखेगी."

समितीच्या बाईंनी हिमानीशी एकटीशी बोलून घेतलं होतं. नव्या शाळेत तिच्याशी कुणी बोलत नाही, डबासुद्धा एकटीच खाते, असं त्यांनी सांगितलं. हे घरी ठाऊक होतं का?

"पापा पूछते नहीं," हिमानी म्हणाली. "पता लगाते हैं."

पोरगी हातची जाणार, हे सुबोधला पहिल्यांदाच कळलं.

"तो अब पूछ लीजिए," बाई म्हणाल्या. "फिर वही बताएगी, घर जाना है या नहीं."

सुबोध खाकरला. बाळा, माझं चुकलं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"हिमानी, खरं सांग," तो म्हणाला, "त्या बाकावर दोन तास कुणाची वाट बघत होतीस?"

हिमानी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही तिथेच होतात?"

सुबोधने नयनाकडे पाहिलं.

"मी रडत होते, पापा. तुम्ही बघत राहिलात?"

तिने बाईंकडे तोंड फिरवलं आणि मान हलवून नाही म्हटलं. नयना नवऱ्याशेजारून उठली आणि मुलीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली.