बिनरात्रीच्या गावाला

माघ पौर्णिमेची वंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या. बारा वाजायला अजून अवकाश होता, म्हणून माझ्याही हातात वाटी होती. तेवढ्यात नागोरावदादांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "विशाखाताई, तुमी नार्वेले जाऊन राह्यल्या म्हंते. खरं हाय का?"

नागोरावदादा आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. तहसीलमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कोणाशीही बोलताना समोर दरखास्त पडल्यासारखं बोलतात.

"हो दादा. जून महिन्यात. ट्रोम्सो म्हणून गाव आहे, समुद्राकाठी."

"कोन राह्यते आपलं तिथं?"

"कोणी नाही."

"मंग कायले?"

"फिरायला."

विहारात सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. माझ्या ओळखीतल्या बायका गाव सोडतात त्या लेकीच्या बाळंतपणाला, दवाखान्याला, नाहीतर बुद्धगयेला. फिरायला जातात ती नवी लग्नं झालेली पोरं. साठी ओलांडलेली, पांढरं लुगडं नेसणारी, नवऱ्याच्या पश्चात रोज अष्टशील, म्हणजे आठ नेमांचं व्रत, घेणारी बाई फिरायला जाते, हे त्यांना कुठल्या फायलीत लावावं ते कळेना.

दादांनी मात्र लावलं. "तुमचा नेम हाय ना, दुपारी बाराच्या बाद जेवाचं नाई? थेट दुसऱ्या दिवशीच्या उजेडापर्यंत?"

"आहे."

"अन् त्या गावात उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाई म्हंते."

"नाही मावळत. दोन महिने."

"मावळला नाई तर उगवन कसा? अन् उगवला नाई तर तुमी घास कवा खासान?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "एकदा बारा वाजले का तुमचं जेवन बंद, ते परत येईपर्यंत!"

माझ्या शेजारी ताराबाई बसली होती. सत्तरीची आहे, पण जीभ विशीची. ती म्हणाली, "मंग बाई खारकेवानी वाळून येईन. विमानात वजन तरी कमी भरन."

लोक हसले. मीही हसले. मग दादांना सांगितलं, "तिथं सूर्य खाली येतो, समुद्राला टेकतो-टेकतो म्हणेपर्यंत पुन्हा वर चढायला लागतो. तो चढायला लागला की माझी सकाळ."

"हे तुमी ठरवनार?"

"पोट माझं आहे दादा. मीच ठरवते."

माझा आवाज मुळातच लहान आहे. मी काय बोलले ते मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही. ताराबाईनं त्यांना मोठ्यानं सांगितलं.

आमच्या तेलंगणातल्या बेल्याच्या मराठी शाळेत मी भूगोल शिकवला. पुस्तकात नॉर्वेवर एवढासा धडा होता आणि पाण्याकाठच्या लाल-पिवळ्या घरांचं एक चित्र. दरवर्षी कोणीतरी पोर विचारायचंच, "म्याडम, तुमी पायलं का हे?" मी म्हणायची, "पुढचं पान काढा." समुद्रसुद्धा मी पाहिलेला नाही. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याहून कुठलाच समुद्र जवळ नाही. हर्षदीप, माझा मुलगा, हैदराबादला असतो. तो म्हणाला होता, "आई, समुद्रच पाहायचा तर विशाखापट्टणम आहे की, तुझ्या नावाचं." पण मला तोच समुद्र पाहायचा होता, ज्याच्यासमोर मी इतकी वर्षं पोरांना पान उलटायला लावलं.

मग दर रविवारी आमचं फोनवर ठरवणं चाले. सून वृषाली फोटो पाठवायची: माझ्यासाठी घेतलेली खोली, डोंगरावर नेणारा पाळणा, बेटाबेटांत फिरणारी बोट. "आई, तिथं बारानंतर तुमच्यासाठी शेवाळाचा चहा बी भेटते," असली काहीतरी थट्टा करायची. मी माझ्या परीनं तयारी करत होते. दिवसाचं जेवण एकदाच, म्हणून ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि छोटा कुकर. उंच, मऊ पलंगावर निजायचं नाही हेही शिलातच आहे, म्हणून एक सतरंजी आणि घोंगडी. ताराबाईनं ते गाठोडं पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या दूर जाऊन फरशीवरच झोपाचं असन तर माह्या घरी ये ना बाप्पा. खर्च वाचन."

फाल्गुन पौर्णिमेला हर्षदीप आणि वृषाली आले. मला वाटलं, व्हिसाचे कागद घेऊन आले. हर्षदीप नजर चुकवत होता. वंदना संपल्यावर नागोरावदादा उठले. "एक आनंदाची बातमी हाय. आपल्या हर्षदीपनं आईले बुद्धपौर्णिमेच्या यात्रेत जागा घेतली. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. गाडी थंडी, सोबत डॉक्टर. अन् ते परदेशाचं रद्दबातल केलं. लेक असावा तर असा!"

"साधु! साधु! साधु!" सगळा विहार म्हणाला. एका मुलीनं माझ्या हातात फुलं दिली.

मी हर्षदीपकडे पाहिलं. तो ओशाळून हसला. दादांनी त्याला फोन करून करून घाबरवलं होतं, हे मला नंतर कळलं: आईचं शील तू मोडून राह्यला, उद्या समाजाला काय तोंड दाखवशील. आणि त्या बिचाऱ्याला खरंच वाटलं होतं की मी खूश होईन. मी भाविक, भाविक बाईला यात्रा दिली की ती नाही म्हणत नाही, असा त्याचा हिशेब.

मी उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले. शाळेत वर्ग शांत करायला मी कधी ओरडले नाही, अशीच उभी राहायची. कुजबुज थांबली.

"बुद्धगयेला मी तीनदा जाऊन आले," मी म्हणाले. "त्या झाडाखाली बसून रडलेही आहे. परत जाईन, माझ्या मनात येईल तेव्हा. पण ही यात्रा मी मागितली नव्हती. मला कोणी विचारलं नाही."

"आई," हर्षदीप हळूच म्हणाला, "खाली बस ना."

"बसते. हर्षदीप, ती जागा नागोरावदादांच्या नावावर कर. दादा अजून एकदाही बुद्धगयेला गेले नाहीत."

दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "नाई, म्हंजे माहा गुडघा..."

"सोबत डॉक्टर हाय म्हने दादा!" ताराबाई मागून म्हणाली. यावेळी हसणं बराच वेळ थांबलं नाही. मी हातातली फुलं बुद्धरूपासमोर वाहिली आणि घरी आले.

 माझा पासपोर्ट हैदराबादला त्याच्या कपाटात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, तेव्हा मी कुलूप लावून त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले.

"आई, कुठं?"

"पासपोर्ट घ्यायला."

तो गाडी चालवत राहिला. वाटेत गुडीहत्नूरला त्यानं चहासाठी गाडी थांबवली. टपरीवर ट्रकवाल्यांची गर्दी होती. वृषालीनं माझ्यासाठी इडली आणली. हर्षदीप चहाचा कप न पिता धरून उभा होता. शेवटी म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी जाऊ दिलं असतं का तुला?"

"बाबा असते तर मी दोघांचं पीठ बांधलं असतं."

वृषालीनं तोंड फिरवून हसू लपवलं. तो चिडला. "हसू नको वो तू! लोक माझ्या नावानं बोलून राह्यले, आई. एवढी वर्षं तू शील पाळलं अन् ते माझ्यामुळं मोडलं तर?"

आता कळलं मला. त्याला लोकांची भीती थोडी होती, माझ्या शिलाचीच जास्त होती. मी पत्रावळ बाजूला ठेवली.

"शील आपण रोज सकाळी घेतो," मी म्हणाले. "रोज काऊन घेतो रे? एकदा घेऊन पुरलं असतं तर भन्तेंनी लहानपणीच देऊन टाकलं असतं, लस टोचल्यासारखं. माणसाकडून चुकतं म्हणून तर रोज घ्यायचं. तिथं चुकलं तर तिथंच पुन्हा घेईन. पण चुकेल म्हणून घरात बसले, तर तो नेम नाही, ते भिणं झालं. भ्यायचं शील मी घेतलेलं नाही."

"अन् एकटीच जाशील?"

"एकटी."

"भाषा?"

"तेलुगू येत नव्हती तेव्हाच मला नोकरी लागली होती. तेलुगूतले सरकारी कागद वाचत वाचत रिटायर झाले. मला भाषा सांगतो!"

त्यानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "वृषाली," तो म्हणाला, "व्हिसाची तारीख बघ." वृषालीनं फोन पुढे केला. तारीख तिनं कालच घेऊन ठेवली होती. हर्षदीप तिच्याकडे पाहत राहिला. "तुमी दोघी..." एवढंच म्हणाला आणि गाडीकडे गेला.

हैदराबादला व्हिसाच्या ऑफिसात काचेपलीकडे एक पोरगी होती, बावीस-तेवीसची. माझं पांढरं लुगडं पाहून तिनं तेलुगूत विचारलं, "अक्कडा एवरुन्नारम्मा?" तिथं तुमचं कोण आहे?

"एवरू लेरू," मी म्हणाले. कोणी नाही.

"मुलगा? मुलगी? काही कार्यक्रम? पूजा?"

"काही नाही. बघायला जाते."

तिनं एकदा माझ्या मागे पाहिलं, कोणी सोबत आहे का म्हणून. हर्षदीपला मी बाहेरच बसवलं होतं. मग ती हसली आणि यंत्रावर बोटं ठेवायला सांगितली. यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. खडू आणि भांडी यांनी माझ्या बोटांवरच्या रेघा कधीच पुसल्या होत्या. तिनं ओला रुमाल दिला, बोटं पुसवली. पुन्हा लाल. मागच्या रांगेत कोणीतरी उसासा टाकला. बाजूच्या काचेमागचा माणूस म्हणाला, "अम्मा, नंतर या, एखाद्या दिवशी."

"नाही," मी म्हणाले. "आजच."

"गट्टिगा नोक्कंडी, अम्मा," पोरगी म्हणाली. जोरात दाबा.

मी उठून उभी राहिले. खांद्यापासून सगळं वजन हातावर टाकलं आणि काचेवर दाबलं, नखं पांढरी होईपर्यंत. यंत्र काही वेळ विचारात पडलं. मग हिरवं झालं. डावा हात, हिरवा. अंगठे, हिरवे.

बाहेर आले तर हर्षदीप दाराशीच उभा होता. "झालं?"

"झालं. आता ती रद्द केलेली खोली परत घे."

"तीच?"

"ती नको," मी म्हणाले. "तिची खिडकी रस्त्याकडं होती. पाण्याकडची घे."