गुरुवारचा ठिपका

आमच्या कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रोहितनं माझ्या फोनवर सात वेळा 'परवानगी द्या' दाबलं, तेव्हा मी शेजारी बसून चहा पीत होतो. फोन माझा, माझ्या पगारातून घेतलेला. कंपनीची मेल आता प्रत्येकानं स्वतःच्या फोनवर घ्यायची, असा वरून हुकूम आला होता.

"हे काय काय मागून राहिलं रे?" मी विचारलं.

"काई नाई भाऊ, सगळ्यायले हेच असते," रोहित म्हणाला.

सगळ्यांना असतं म्हटलं की माझ्यासारख्या माणसाचं समाधान होतं. मी उरलेला चहा संपवला.

आमची बियाण्यांची कंपनी. गोडाऊन अकोल्याला, मोठं ऑफिस अमरावतीला, आणि दुकानदारांना भेटत धामणगाव रेल्वेपर्यंत हिंडायचं काम माझं. अमरावतीला बसतात ते आमचे उत्तमराव साहेब. साहेब फक्त ऑफिसात. घरी ते उत्तमराव काका, कारण ते बाबांच्या आत्याचे चिरंजीव. नोकरी त्यांनीच शब्द टाकून लावून दिली. आपल्याकडे नोकरी अशीच लागते, आणि मग ती कधी नुसती नोकरी राहत नाही.

धामणगावला माझी बहीण आहे, आकांक्षा. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं श्यामशी लग्न केलं. श्याम चांगला मुलगा, पण भाजीपाला पिकवून विकणाऱ्या घरातला, आणि आम्ही बार्शीटाकळीचे जमीनवाले. बाबांना तेवढं कारण पुरलं. बातमी आली त्या दुपारी ते अंगणातल्या नळाखाली बसले आणि तिच्या नावानं आंघोळ केली, मेलेल्या माणसाची करतात तशी. मलाही करायला लावली. आईला म्हणाले, "तू बी कर."

"मले ताप हाय," आई म्हणाली. तिला ताप नव्हता.

त्यानंतर घरात आकांक्षाचं नाव निघालं नाही. पण दर गुरुवारी मी धामणगावला निघालो की आई बाबांची नजर चुकवून माझ्या पिशवीत डबा टाकायची. कधी मुगवड्या, कधी शेवया. डबा स्टीलचा, झाकणावर 'सौ. गोदाबाई पंजाबराव' असं कोरलेलं. संध्याकाळी बाबा पारावर गेले की रिकामा डबा आणि माझा फोन मी आईच्या हातात द्यायचो. फोनमध्ये आकांक्षाची दोन वर्षांची पोरगी असायची, आचल. आई पदरानं काच पुसायची आणि बघायची. तिचं झालं की मी फोटो काढून टाकायचो. आपल्या नातीची आजी होण्यासाठी तिला आठवड्याला दहा मिनिटं मिळत होती.

तिकडे उत्तमरावांच्या कॉम्प्युटरवर एक नकाशा आला होता. आमच्यातला प्रत्येक जण त्यावर निळा ठिपका. माझा ठिपका दर गुरुवारी धामणगावात रेल्वे लाइनीच्या पलीकडे दोन-दोन तास थांबतो, आणि तिथं आपलं एकही दुकान नाही, हे त्यांना दिसलं. त्यांनी मला विचारायचं. नाहीतर लेखी खुलासा मागायचा. त्यांनी आमच्याकडची रीत पाळली: एका हळदीच्या पंगतीत माझ्या बापाला सांगितलं. "पंजाबराव, पोराचं बाहेर काही लफडं तर नाई ना? लग्नाचं पोरगं हाय, म्हनून म्हटलं." माझ्या काळजीपोटीच सांगितलं त्यांनी, हे मला मान्य आहे. राग त्याचाच येतो.

बाबांना लफड्याची शंका क्षणभरही आली नसणार. धामणगाव म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं. घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "कोनं सांगितलं होतं जाले?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कोनी नाई," मी म्हणालो. "मीच जात होतो."

"आता नाई जाच. उत्तमरावले सांगून ठेवलं म्या. नकाशात तू धामणगावात लाइनीच्या पल्याड दिसला, का मले फोन येते. मंग तुया नावानं बी आंघोळ करतो." आवाज चढवला नाही त्यांनी. ते बोलतात ते करतात, म्हणून त्यांना आवाज चढवावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी उत्तमरावांना फोन केला. तुम्ही माझ्यावर पाळत ठेवली, असं स्पष्ट म्हणालो. ते हसले. "अरे, परवानगी तूच देल्ली. आन् मी काय परका हाव काय?" रोहितला विचारलं, ते ठिपक्याचं बंद करता येतं का. तो म्हणाला, "येते ना. पन मेल बंद पडते आन् साहेबाले निरोप जाते." म्हणजे माझ्याच खिशात माझ्या बापाचा एक डोळा होता आणि रोज संध्याकाळी तो चार्ज करायचं काम माझ्याकडे होतं.

दोन गुरुवार कोरडे गेले. आईनं मुगवड्या केल्या आणि त्या तशाच फडताळात राहिल्या. जेवताना ती माझ्या ताटाकडे बघेना. तिसऱ्या बुधवारी कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "गजू, फोनच दाखवते ना तू कुठी हाय ते?"

"हो."

"मंग फोन गोडाऊनवर ठेव आन् तू जाय."

चौथी शिकलेली बाई. कंपनीचा सगळा कारभार तिनं एका वाक्यात उलटा केला. मला हसू आलं आणि तीही हसली, किती दिवसांनी.

तसंच सुरू झालं. गुरुवारी मालाची मोजणी असं कळवायचं, फोन गोडाऊनच्या ड्रॉवरमध्ये टाकायचा, किल्ली खिशात, आणि सकाळच्या गाडीनं धामणगाव. ठिपका दिवसभर अकोल्यात गप्प. फोटोचीही सोय लावली. आकांक्षानं श्यामच्या फोनवर फोटो काढायचा आणि शुक्रवारी सकाळी दहाला, मी घराबाहेर पडल्यावर, मला पाठवायचा. मी संध्याकाळी आईला दाखवून काढून टाकायचा. जवळ एक साधा फोन ठेवावा हे सुचलं नव्हतं असं नाही. गुरुवारपुरतं काय करायचं, म्हणून राहून गेलं. हे वाक्य मी आता रोज स्वतःशी म्हणतो.

या नव्या सोयीच्या चौथ्या गुरुवारी मुगवड्या होत्या. आचल आता मला लांबूनच ओळखायला लागली होती. डबा रिकामा करून द्यायला आकांक्षा विसरली आणि मीही मागितला नाही. पुढच्या वेळी नेऊ म्हटलं. संध्याकाळी साडेसहाला गोडाऊनवर आलो तर चौकीदार नत्थुजी दारातच उभे होते. "साहेब, ड्रॉवर लय वाजून राहिलं होतं. किल्ली तुमच्यापाशी."

अकरा मिस्ड कॉल होते. सगळे बाबांचे.

दुपारी एकला आईच्या छातीत कळ आली होती. बाबांनी शेजारच्या बंडूला घेऊन तिला ऑटोत घातलं. वाटेत मला फोन लावत राहिले. मी उचलेना म्हणून उत्तमरावांना लावला. त्यांनी नकाशा बघितला आणि सांगितलं, "गोडाऊनवरच हाय तो. कामात असन." दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरानं ती गेली.

मी घरी पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. बाबांनी मला एवढंच विचारलं, "फोन काहून नाई उचलला?"

"मोजणी चालली होती. फोन ड्रॉवरमध्ये होता."

"वीस किलोमीटरवर होता तू," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धामणगावले कोनी कळवाचं नाई."

मी कळवायला हवं होतं. आकांक्षा धावत येईल, बाबा तिला दारात अडवतील, आईच्या देहासमोर तमाशा होईल, असलं काय काय मनाशी म्हणालो. खरं म्हणजे मी भ्यालो. अग्नी दिल्यावर सांगू, असं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी अग्नी दिला. परत आलो आणि अंगणातल्या त्याच नळावर आंघोळीला लागलो. बाबांची आधी झाली होती. ओल्या धोतरानं ते कट्ट्यावर बसले होते. माझा फोन त्यांच्या शेजारी माझ्या कपड्यांवर होता. मी डोक्यावर पाणी घेतलं आणि फोन वाजला. सांत्वनाचं काही असेल म्हणून त्यांनी तो उचलला.

दहा वाजले होते.

मी तसाच उठून गेलो. फोन कुलूपबंद होता, पण वरच्या वर फोटो दिसत होता. आचल पालथ्या डब्यावर चमच्यानं ठोकत होती आणि झाकण कॅमेऱ्याकडे तोंड करून तिच्या पायाशी पडलं होतं, आईच्या नावासकट. खाली लिहिलं होतं, 'मायले दाखवजो. काल तू गेल्यावर घंटाभर वाजवत होती.'

बाबा सावकाश वाचतात. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"काल तू तिथी होता," ते म्हणाले.

"हो."

"तुया मायले माहीत होतं?"

"डबा तिनंच भरून देला. फोन ठेवून जाय, हे बी तिनंच सांगितलं."

त्यांनी नातीला आज पहिल्यांदा पाहिलं होतं, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. फोन हातात धरूनच म्हणाले, "ऑटोत मी फोन लावून राहिलो होतो. ती मले म्हने, नका लावू. कामात असन तो." मग धोतराच्या टोकानं काच पुसली. "शुद्धीवर होती ती. श्यामले फोन लावा म्हनाचं होतं. म्या लावला असता. मले सांगितलं काहून नाई तिनं?"

ज्या नळाखाली त्यांनी आकांक्षाच्या नावानं आंघोळ केली होती, तो माझ्यामागं तसाच वाहत होता. मी जाऊन तो बंद केला; उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

"काहून नाई सांगितलं?" ते पुन्हा म्हणाले, यावेळी माझ्याकडे न बघता, त्या झाकणावरच्या नावाकडे बघून.