उचललेली चाल

जानरावांनी कानातला इअरफोन काढून, सुट्टीवर घरी आलेल्या स्वप्निलच्या तळहातावर ठेवला आणि खंजिरी पुन्हा उन्हात धरली. फेब्रुवारीतच अमरावतीची गच्ची चांगली तापली होती. कातडं ताठ झालं की नाही, ते बोटाने टिचकी मारून पाहत होते.

"बाबा, एकच गाणं."

"नोको. मले माहीत हाय थे कसं असते."

"न ऐकताच?"

जानरावांनी खंजिरीवर आणखी एक टिचकी मारली. त्यांनी एकदा 'नोको' म्हटलं की पुढचा शब्द काढून घेणं देवालाही जमलं नसतं, आणि देवाशी तर त्यांचं तसंही काही देणंघेणं नव्हतं.

स्वप्निल दक्षिण आफ्रिकेत गेला होता तो मनुक्यांच्या कारखान्यात मशिनी बसवायला. बसवता बसवता स्वतःच तिकडे बसला. ऑरेंज नदीच्या काठाला द्राक्षांचे मळे, मळ्यांत राबणारी सावळी माणसं आणि त्यांच्या तोंडी अफ्रिकान्स, तिथल्या गोऱ्या साहेबांचीही तीच भाषा. संध्याकाळी कामगार बायका एकत्र गायच्या. हा आधी नुसता ऐकायला जाऊ लागला, मग पेटी घेऊन बसू लागला, मग चाली बांधू लागला आणि शेवटी धीर करून शब्दही जुळवू लागला. आता त्याची गाणी त्याच बायका गात, ती तिकडच्या रेडिओवर लागत, लग्नांत वाजत. पण त्याला ज्या कानांची भूक होती, ते कान अमरावतीत होते आणि ते बंद होते.

कारण जानराव काही असे-तसे ऐकणारे नव्हते. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करता करता त्यांनी जन्मभर गावोगावच्या मंडळांना भीमगीतं लिहून दिली होती. मुलगा अफ्रिकान्समध्ये गाणी करतो हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा फोनवर ते म्हणाले होते, "ज्या बोलीत काया मानसाले 'तू तिकळे बस' म्हनलं, त्या बोलीत गानी करून राहिला तू?"

स्वप्निलने परोपरीने सांगितलं. बाबा, मळ्यातल्या मजुरांचीही हीच बोली आहे, त्यांच्या आया याच बोलीत त्यांना निजवतात, ती काही फक्त साहेबांची नाही. मग जानरावांनी "जेवला का?" असं विचारलं आणि विषय संपला. तेव्हापासून त्याच्या मनाला टोचणी लागली होती. बाबांनी ऐकून नाव ठेवलं असतं तरी चाललं असतं. ते ऐकतच नव्हते, हे त्याला सोसत नव्हतं.

दुपारी बापलेक बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला निघाले. तिथल्या विहारात रमाई जयंतीचा कार्यक्रम होता आणि तानुबाईंचं महिला मंडळ जानरावांचं नवं गाणं म्हणणार होतं. गाडीत जानरावांनी शेजारच्या अनोळखी माणसाशी संत्र्यांच्या भावावर भरभरून गप्पा मारल्या. मुलाशी मात्र पाणी दे, पिशवी धर, एवढंच.

विहारासमोरच्या मांडवात पांढऱ्या साड्यांतल्या बायका गोल करून बसल्या होत्या. गाणं सुरू करण्याआधी ते कोणत्या चालीवर आहे हे सांगायची या मंडळांची रीतच. तानुबाईंनी माईक ओढून घेतला.

"जय भीम मंडळी. हे गानं हाय मायच्या हातायवर. चाल हाय आफ्रिकेतल्या मयात राबनाऱ्या बायायची."

स्वप्निलने मान वर केली. ढोलक सुरू झाली, खंजिरी कडाडली.

*माय येचते कापूस, बोटं सोलली तिची गं,*
*त्याच बोटानं पुसते माय पाटी माही गं...*

त्याने हातातला चहा खाली ठेवला. चाल त्याची होती. तिकडे ती द्राक्षं खुडणाऱ्या आईच्या बोटांवर होती. इथे कापूस आला होता, एवढाच फरक. पण तिसऱ्या ओळीत तो जिथे सूर उंच नेत असे, तिथे या बायका खाली उतरून क्षणभर थांबल्या आणि मागच्या सगळ्यांनी ती ओळ झेलून पुन्हा म्हटली. मांडवातल्या म्हाताऱ्यांनीही झेलली.

आनंद व्हायचा तो झालाच, पण त्याच्या पाठोपाठ रागही आला. चाल घेतली आणि नाव कुठे आहे? आफ्रिकेतल्या बाया म्हणे! तिकडे त्याच्या गाण्याखाली त्याचं नाव छापून येत होतं आणि इथे, बापाच्या समोर, ते कोणी उच्चारलंही नव्हतं.

गाणं संपताच तो तानुबाईंना गाठायला गेला.

"मावशी, ही चाल तुम्हाला कोणी दिली?"

"कोनं म्हंजे? तुह्या बापानं! तुह्या बहिनीच्या, मायाच्या मोबाईलवर लावू लावू शिकवलं आमाले. तुही सारीच गानी हायेत त्याच्यात. लय पिसलं बाप्पा त्यानं, आमचे गये बसले!"

मायाने मध्यंतरी या गाण्याचा अर्थ विचारला होता, तो का, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. सारीच गाणी! आणि सकाळी गच्चीवर हाच माणूस 'मले माहीत हाय' म्हणाला होता, ते अगदी खरं होतं. स्वप्निलला हसू यायला लागलं आणि डोळेही भरून आले, तरी मनातली अढी काही जाईना.

जानराव मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून पाणी पीत होते.

"बाबा, माझं नाव काहून नाही सांगितलं?"

"माह्या गान्यावर माहं नाव आयकलं का कधी?"

स्वप्निल आठवू लागला. बाबांची गाणी त्याने जत्रेत ऐकली होती, मिरवणुकीत ऐकली होती, परक्या गावात अनोळखी बायकांच्या तोंडून ऐकली होती. त्यांचं नाव मात्र कुठेच नाही.

"तूच सांगतलं होतं न मले," जानराव म्हणाले, "का थे मजुरायची बोली हाय म्हनून. मी लय दिवस इचार केला त्याच्यावर. मंग त्या बाया गातेत तं चाल त्यायचीच झाली. तुह्या एकट्याजवळ रायली असती तं मी कायले उचलली असती?"

आणि मग, पेला खाली ठेवत, थोडं ओशाळून:

"तिसरी ओळ मी बदलली. आपल्या बायायले झेलाले जागा लागते. तिकळच्या बायायले न इचारता बदलली, थे काई बरं नाई झालं. तिकळे आता किती वाजले?"

"दुपार असंल. मळ्यात सुट्टी झाली असंल."

"मंग लाव फोन. इचार, चालते का म्हना."

स्वप्निलने कोराआंटीला फोन लावला. ती तिकडच्या बायकांची पुढारीण. स्क्रीनवर डोक्याला रुमाल बांधलेला तिचा चेहरा आला, मागे आणखी दोघीतिघी डोकावल्या. इकडे तानुबाई आणि त्यांचं अख्खं मंडळ खुर्चीमागे गोळा झालं. स्वप्निलला एकदम संकोच वाटला. बापासमोर ती बोली त्याने आजवर एकदाही तोंडातून काढली नव्हती. तो अडखळत इंग्रजीत सुरुवात करू लागला.

जानरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असं नोको. त्यायच्याच बोलीत बोल. अन् मोठ्यानं बोल बापू, मले आयकू येऊ दे."