वास गेला

तेलाच्या नळातले जंतू लोखंड पोखरतात आणि सडक्या अंड्यांसारखा घाण वास मारणारा विषारी वायू सोडतात. त्यांचा खातमा करायला ताईने प्रयोगशाळेत विषाणू वाढवले होते. ती एका फिटरची थोरली बहीण, म्हणून सगळ्या कामगारांचीच ताई. विषाणूंचं कौतुक तर पोटच्या पोरांसारखं. जंतूच्या अंगात शिरायचं, आत पिलावळ वाढवायची आणि त्याचं पोट फाडून बाहेर पडायचं, वा रे पठ्ठे! भावाला समजावं म्हणून तिने एकदा सोपं करून सांगितलं, वास गेला की समज माझी पोरं जिंकली. झालं, तेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं.

विषाणू सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी भाऊ व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरून बोल्ट सैल करत होता. ताई काठावर, हातात नमुन्याची जाड बाटली. वायूचा मीटर सारखा कोकलतो म्हणून मुकादमाने तो बंदच ठेवलेला. तेवढ्यात भावाने मास्क काढून हाक दिली.

"ताई, वास गेला गं. जिंकली तुझी पोरं."

तिला चटकन उमगलं. एका दिवसात कसला वास जातो? वायू भसकन वाढला की आधी नाक मरतं, मग माणूस. खाली पाना खणकन पडला, मागोमाग भाऊ.

दुसरा मास्क मुकादमाच्या खांद्याला होता. तिने त्यावर झडप घातली, तर त्याने तिचा दंड आवळला. वास गेलाय ना, पाय घसरला असेल त्याचा, मग उगाच तमाशा कशाला, म्हणाला. तिने बाटली त्याच्या नाकावर हाणली. हाड कडकन मोडलं, आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

मास्क चढवून ती उतरली, भावाच्या काखेत दोर अडकवला. वरच्या कामगारांनी त्याला पोत्यासारखा खेचला. ओठ निळे पडलेले. ती छाती दाबत सुटली, शिव्या देत, रडत. बरगडी मोडली तरी थांबली नाही. शेवटी त्याने घरघरत श्वास ओढला, हातपाय झाडले, आणि त्याचा ठोसा बसून तिचा दात पडला. पलीकडे मुकादम नाक धरून कण्हत होता, आता मलाही वास येईना म्हणत.

भावाने डोळे किलकिले केले. "तूच म्हणाली होतीस ना, वास गेला की..."

"हो रे," ती रक्त थुंकत म्हणाली, "मीच म्हणाले होते."

आणि सगळ्यांदेखत तिने भोकाड पसरलं.