सातव्या ठोक्यानंतर

ऑफिसात मला सगळे कात्री म्हणतात. अडतीस प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याकडून टकटक यायची, ती मी अकरा वर्षं साफ केली. साफ करायची म्हणजे दोन ठोक्यांमधली रिकामी जागा कापून ठोके एकमेकांना चिकटवायचे. डिस्कवर जागा कमी, म्हणून साहेबांचा तसा हुकूम होता. मूळ डिस्क पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायची. कात्रीसारखं स्वच्छ काम कोणाचं नाही, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे, आणि मी फुगायचे.

दोन वर्षांपूर्वी टकटक थांबली. परवा गणितवाल्या बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"ठोके सगळे सारखेच आहेत गं. त्यांचं बोलणं मधल्या जागांत होतं. न कापलेलं काही शिल्लक आहे?"

"नाही."

"थोडंसं?"

"एक सेकंदसुद्धा नाही."

त्या खुर्ची ओढून बसल्या. मला काहीच वाटलं नाही. मी डबा उघडला आणि सगळा संपवला.

साहेब चिडले नाहीत. यापुढे काहीही कापू नये, अशी नोटीस लावली. बैल गेला नि झोपा केला. मग म्हणाले, "पुन्हा सांगा, असं कळवू या."

"कोणत्या भाषेत?" बाईंनी विचारलं.

"त्यांचेच ठोके परत पाठवू."

"मध्ये जागा किती सोडायची? कितीही सोडली तरी काहीतरी बोललं जाईल. काय, ते आपल्यालाच कळणार नाही."

शेवटी सगळे ठोके सारख्या अंतरावर पाठवायचं ठरलं. उत्तर यायला शहात्तर वर्षं. फाईल करायचं काम अर्थात माझ्याकडे.

"तुझा काय दोष? सांगितलं ते केलंस," घरी नवरा म्हणाला. हे मी सकाळपासून स्वतःला सांगतच होते. त्याने काही फरक पडत नव्हता.

काल ठोके मांडताना आठवलं. अगदी पहिल्या दिवशी, हुकूम यायच्या आधी, मी ते न कापलेलं ऐकलं होतं. सातव्या ठोक्यानंतर इतका वेळ काही आलं नाही, की मला वाटलं, संपलं. हेडफोन टेबलावर ठेवून दारापर्यंत गेले, तेव्हा मागून आठवा ठोका ऐकू आला.

मी तेव्हासारखीच आधी वाट पाहून, मग हेडफोन काढून दारापर्यंत चालून पाहिलं. वीसेक वेळा. कधी एकोणीस सेकंद, कधी चोवीस. एकवीस धरले आणि कोणाला न विचारता फाईलमध्ये घातले. चुकले असतील तर त्यांना मी भलतंच काही बोलले असेन. पण त्यांचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

आज सकाळी साहेबांनी बटण दाबलं. स्पीकरवर सात ठोके वाजले आणि मग काहीच नाही. साहेब मशीनवर वाकले.

"अडकलं का गं?"

"नाही साहेब, बोलतंय."

मग आठवा ठोका गेला.